अखाजीचा व्हिसा

आईच्या वारसनोंदीसाठी मी बुलढाण्यात वकिलांकडे बसले होते. अखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायची अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. माझ्या आधी मोताळ्याच्या मनकर्णाबाईंचा नंबर होता.

"वकीलसाहेब, लेक अखाजीले येऊन राह्यली. तिले व्हिसा काऊन लागते?"

"मावशी, प्रेरणानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. कायद्यानं ती आता परकी."

"परकी तं लग्नातच केली होती. अजून किती करता?"

"बरं, तिच्या अर्जात येण्याचं कारण काय लिहू?"

"माहेरपण."

"तसं चालत नाही. पर्यटन, व्यापार, नातलगांची भेट, यातलं सांगा."

"पर्यटन? मोताळ्यात पाह्याले काय हाय? भेट लिवा."

"कोणाची भेट?"

"मायची. अन् माय हाय तोवर येऊ द्या म्हना तिले."