अंबाडीचं पान

कान्हे स्टेशनच्या बाकावर लोणावळा लोकलची वाट बघत होतो. शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर पडलं.

"उझमा, पुस्तकावर अंबाडीचं पान कशाला छापलंय गं?"

"हळू बोला, ठकूमावशी. अंबाडी नाही, गांजा आहे तो."

"आगं बया! आन भर ठेसनावर वाचतीस?"

"मला गच्चीवर मातीशिवाय, नुसत्या पाण्यात भाजी वाढवायचीय. लायब्ररीतल्या सरांनी गांजाच्या लागवडीची तीन पुस्तकं सुचवली. एक झाडाच्या जातींचं, एक बियाणं निवडायचं, आणि हे पाण्यातल्या शेतीचं. म्हणाले, मुळांना काय लागतं ते यात सगळ्यात सोपं करून सांगितलंय."

"मंग लावणार काय?"

"पालक आणि लेट्यूस. दुसरं काही नाही."

"सासूला म्हाईत हाय?"

"नाही हो! कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं होतं, ते परवा फाटलं. अम्मींनी बघितलं असतं तर पुस्तक चुलीत आणि गच्चीला कुलूप."

"बघितलंय तिनं."

"काय सांगता?"

"काल फोन आलता तिचा. लय खुशीत व्हती. म्हनली, सून गच्चीवर अंबाडी लावतीय, मला सांगत न्हाई. मला म्हनली, तुज्या घरचं बी आण तिच्यासाठी. म्हून ही घे बियाची पुडी."

"या अल्ला! आता अंबाडी लावावी लागणार."

"लाव की. तिला अंबाडीची भाजी लय आवडती."

"पाण्यात येईल का?"

"मला काय म्हाईत? त्ये पुस्तक सांगंल. आन आदी त्याला नवं कव्हर घाल."

"आता कशाला, मावशी? अम्मींना ते पान आवडलंय."