बॅरनचं सुतक

(कतारमधलं अल खोर. मधुच्या फ्लॅटचं दार आत्ताच लागलंय. मधु त्याच्या आयरिश सहकाऱ्याकडून, डरमटकडून, परत आलाय.)

सत्यभामा : डबा भरलेलाच परत आणलास? पिठलं आवडलं नाही का त्याला?

मधु : तसं नाही, आई. कालपासून डरमटच्या घशाखाली घाससुद्धा उतरलेला नाही.

सत्यभामा : बाप गेल्यावर कसा उतरेल? म्हणून तर पाठवलं. विमान कधीचं आहे?

मधु : जात नाहीये तो.

सत्यभामा : म्हणजे? बाप तिकडे आयर्लंडात गेला, आणि मुलगा इथे बसून राहणार?

मधु : वडील बॅरन होते त्याचे. आपल्याकडचे सरदार म्हण. किताब मुलाकडे जातो. पण आता तो कॅनडातल्या कुणा चुलत भावाकडे गेला.

सत्यभामा : पोटचा मुलगा असताना?

मधु : तेच तर. डरमट दत्तक आहे.

सत्यभामा : मग काय झालं? दत्तक म्हणजे मुलगाच.

मधु : किताबाला रक्ताचाच लागतो.

सत्यभामा : कुणी ठरवलं हे?

मधु : इंग्रजांनी. आधी हे घराणं कुळाचं नायक होतं. भाऊबंद बसून लायक माणूस निवडायचे. मग चार-साडेचारशे वर्षांपूर्वी एका पूर्वजानं स्वतःचीच जमीन इंग्लंडच्या राजाच्या पायाशी ठेवली आणि बक्षीस म्हणून परत घेतली. वर बॅरन झाला. तेव्हापासून औरस मुलगा, त्याचा औरस मुलगा.

सत्यभामा : स्वतःचीच जमीन, बक्षीस?

मधु : हो.

सत्यभामा : साताऱ्याची गादी अशीच गिळली मेल्यांनी. दत्तक नामंजूर म्हणून. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या. मला वाटायचं, आपणच तेवढे लुटले गेलो. यांनी तर शेजारचं घरसुद्धा सोडलं नाही.

मधु : अंत्यविधीला चर्चमध्ये पहिल्या बाकावर नवा बॅरन बसणार. डरमट म्हणतो, मी मागे पाहुण्यासारखा बसू?

सत्यभामा : तू काय म्हणालास?

मधु : सांगितलं, मीसुद्धा दत्तक आहे.

सत्यभामा : तू सांगितलंस? इतक्या वर्षांत घरात हा शब्द तुझ्या तोंडून ऐकला नाही मी.

मधु : दत्तकविधानात होमाचा धूर माझ्या डोळ्यांत गेला आणि तू पदरानं डोळे पुसलेस, तेही सांगितलं. त्यानं विचारलं, तुला कधी कुणी मागे बसवलं?

सत्यभामा : बसवलं का रे?

मधु : एकदा. काकांच्या श्यामच्या मुंजीत, पंगतीच्या टोकाला. तू बायकांची पंगत सोडून माझ्या पाटाशेजारी येऊन बसलीस. आबासाहेब आजोबा बघतच राहिले.

सत्यभामा : बघू देत. तो कॅनडावाला काय करतोय?

मधु : फेसबुकवर नावापुढे लॉर्ड लावलंय. काल मित्रांना जेवायला नेलं, त्याचे फोटो टाकलेत.

सत्यभामा : जेवला?

मधु : व्यवस्थित.

सत्यभामा : आण तो डबा. गरम करते. मी येते तुझ्याबरोबर, तू नुसतं इंग्रजीत सांग.

मधु : काय सांगू?

सत्यभामा : म्हणावं, किताब तिकडे गेला. सुतक तुझ्याकडे आलं.