नाव घासून मिळेल

— नाही नाही, ते ठेवा खाली. ते भेट द्यायचं पेन नाही, ते लिहायचं आहे. हसता काय? दोन वेगळ्या जाती आहेत त्या. कवीला द्यायचंय म्हणालात ना, मग मखमली डबीतलं बघा, सोनेरी क्लिपवालं. दणकट हवं, टिकाऊ हवं? टिकतंच हो! न वापरलेलं पेन टिकणार नाही तर काय होणार? माझ्याकडे खरा लिहिणारा एकच येतो, लासलगावचा कांद्याचा आडत्या — सकाळपासून लिलावामागं पळत पळत लिहितो, वर्षाला एक निब झिजवतो, आणि त्या बिचाऱ्याला आजवर कुणी पेन भेट दिलं नाही. आणि आपले साहित्यिक? शाल, श्रीफळ, पेन! श्रीफळाची चटणी होते, शाल कामवालीला जाते, पेन मात्र फिरतं. गावभर फिरतं. आज याच्या सत्काराला, उद्या त्याच्या. मधे एकदा माझ्याकडे येतं — ‘काका, तेवढं नाव घासून द्या, दुसरं घाला.’ हातानं कोरणारा मेनरोडवर मी एकटाच उरलोय, त्यामुळं कुणाचं पेन कुणाच्या खिशात गेलं ते सगळं मला ठाऊक. पण वैद्यानं आणि कोरणाऱ्यानं तोंड उघडू नये. मी उघडतो, ते सोडा.

काय? तुमच्याकडेही तसलंच आहे? मग आधी बोलायचं ना राव, उगाच अर्धं कपाट खाली काढायला लावलंत! आणा इकडं. लाजता कशाला, सगळे हेच म्हणतात, ‘घरात नवंच पडलं होतं.’ थांबा, चष्मा लावतो —

अरेच्चा. ‘बापूसाहेबांस सादर.’ बापूसाहेब म्हणजे कवी बापूसाहेब, गंगापूर रोडचे? तुम्ही त्यांचे... भाचे? अस्सं. मग उभे का, बसा की, ते स्टूल ओढा. हे पेन मी दिलंय त्यांना. हो, मीच! अक्षर माझं आहे, हा ‘द’ बघा, इथं सुई जरा घसरली होती. वडिलांच्या वेळचा माल, काळंभोर एबोनाइट, जुनं कडक रबर हो, दुकानातलं सगळ्यात चांगलं पेन. विकलं नव्हतं कधी कुणाला. कवितांचं बाड दिलं आणि वर हे ठेवलं. हो, कविता करतो मी. का, पेनवाल्यानं करू नयेत? पहिला संग्रह आहे, प्रेसमध्ये सगळं जुळवून तयार, फक्त प्रस्तावना अडलीय. आपल्याकडे प्रस्तावनेशिवाय पहिला संग्रह म्हणजे हळद न लागलेला नवरदेव, मांडवात घेतंय कोण! बापूसाहेब म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मग म्हणाले, सिंहस्थाची गर्दी तेवढी ओसरू दे. गर्दी ओसरली, साधू गेले, तपोवनातले तंबू उठले — प्रस्तावना काही अजून उठेना.

बघू, निब बघतो. कोरडी. शाईचा थेंब शिवला नाही हिला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! मला आपलं वाटायचं, माझ्याच पेनानं माझी प्रस्तावना लिहीत बसले असतील. बायको म्हणते, ‘अहो, नको ती प्रस्तावना, छापून टाका एकदाचं.’ तिला काय कळतंय! बापूसाहेबांचा एक परिच्छेद, एकच, पुढं लागला ना, की लोक मला कवी म्हणतील. पन्नाशी उलटली तरी मी आपला पेनवालाच. बरं, मोठी माणसं, विसरतात. शंभर पेनं येतात त्यांच्याकडे, त्यात माझं कोणतं ते कसं लक्षात राहावं? मी नाही रागावलो. घासतो, आत्ता घासतो. हे बघा, गेलं ‘सादर’. हे गेले बापूसाहेब.

कुणासाठी म्हणालात? रविवारचा सत्कार, आणि त्याला निमंत्रणही अजून गेलं नाही? कुणी कवी मागं लागलाय, प्रस्तावना द्या म्हणून — अरे वा, म्हणजे माझा भाऊबंदच की! आणि मामा काय म्हणाले? ‘कविता सामान्य आहेत, प्रस्तावना दिली तर माझंच हसं होईल. शाल घालू, पेन देऊ, लिहीत राहा म्हणू आणि सुटू?’ हा हा हा! वा बापूसाहेब, मानलं! प्रस्तावना मागायला गेला आणि पेन घेऊन आला! असतात हो असे चिकट, नाही म्हटलेलं कळतच नाही त्यांना. गडी रविवारी इस्त्रीचा सदरा घालून येणार, हार घालून घेणार, बायकोला पुढच्या रांगेत बसवणार — आणि हे असलं घासलेलं पेन कपाळाला लावणार! सांगा, सांगा नाव. सावकाश सांगा हं, जागा बेतानंच आहे.

...

परत सांगा.

गंगाधर. हिरामण. बेंडकुळे. हो, ‘ळे’च. ‘ले’ नाही, मला माहितीय.

‘सामान्य’ म्हणाले? हाच शब्द? का तुम्ही आपलं आठवून काहीतरी सांगताय? नाही, नीट आठवा, घाई नाही — ‘बऱ्या आहेत’ म्हणाले असतील, ‘कच्च्या आहेत’ म्हणाले असतील... सामान्यच. बरं.

ओळखीचा का म्हणून काय विचारता? हे घ्या पेन. कोरायचं राहू द्या, असंच न्या. पैसे नकोत, ठेवा ते खिशात. एवढंच करा, बाहेर पडलात की रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि माझ्या दुकानाची पाटी वाचा. मोठी अक्षरं नव्हेत, त्याखाली मालकाचं नाव आहे, बारीक. वाचलंत की तसेच पुढं जा. आत येऊ नका.