पिंपाची दुलई

दवाखान्याच्या बाकावर सासरे शिंका देत होते आणि सून धुमसत होती. शेजारच्या शिंप्याने पाठदुखी विसरून कान टवकारले.

“बाबा, तुमची दुलई पिंपाला कुणी गुंडाळली?”

“मीच. बेल्जियन पद्धतीची काळी बिअर आहे, सूनबाई. ऊब नसली की आंबायची थांबते.”

“आणि तुम्ही रात्रभर कुडकुडलात!”

“अगं, चव तर बघ! आधी मनुकांचा गोडवा, मागून करपलेली साखर, जाता जाता लवंगेचा चटका. प्यायला गोड, पण दुसऱ्या ग्लासाला पाय लटपटवते.”

“सकाळी ताप किती होता?”

“पिंपाचा? अगदी झकास!”

“तुमचा, बाबा!”

“माझा कसा मोजणार? थर्मामीटर बिअरमध्ये बुडवलाय ना.”