भुजंगरावांची अखेरची चढाई

सन्माननीय अध्यक्ष बद्रीनाथशेठजी, त्यांच्या शेजारी बसलेले पोलिसांचे अमीनसाहेब, जिनिंगमधले मुनीमजी आणि मिस्त्री मंडळी, मस्तगडापासून थेट तीर्थपुरीपर्यंतचे हुतूतूचे शौकीन, पडद्यापलीकडच्या माता-भगिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती भुजंगराव, आपणा सर्वांना नमस्कार.

मी नरहर वकील. दिवसभर कोर्टात उर्दूतून अर्जविनंत्या करतो, तेव्हा माझ्या मराठीला कोर्टाचा वास येईल, तो सोसून घ्या. मला बजावलंय की थोडक्यात आटपा, कारण खरा कार्यक्रम भाषणानंतर आहे. समोर चुन्याने मैदान आखलेलं दिसतंच आहे. हार घातल्यावर भुजंगराव एक अखेरची चढाई करून दाखवणार, असं पत्रकावर छापलंय. अमीनसाहेबांनी परवानगी दिली तीही खेळ आहे म्हणून, सभाबंदी असताना सभेला कुठली मिळायला! तर मी आज भाषण जमेल तितकं लांबवणार आहे. का, ते ओघात कळेलच.

भुजंगराव मूळचे तीर्थपुरीचे. घरची जमीन होती, खाऊनपिऊन सुखी. कापसाच्या गाड्या घेऊन ते शेठजींच्या जिनिंगच्या याच आवारात आल्ते, तेव्हा एक बैल उधळला. सगळे गाड्यांखाली शिरले आणि हा गडी गाड्यांच्या गर्दीतून, कुठे वाकून, कुठे उडी मारून, बैलाच्या पुढे पळत त्याला फाटकाबाहेर घेऊन गेला. शेठजी गच्चीवरून बघत होते. म्हणाले, "शेती भाऊ बघंल. तू माझ्यासाठी पळ." त्या दिवसापासून हजेरीपटावर ते पहारेकरी. पहारा त्यांनी एक दिवस केला नाही. पगार चढाईचा होता.

आणि काय चढाई! सहा जणांनी कंबर, पाय, मान धरलेली, आणि हा माणूस "हुतूतू, हुतूतू" म्हणत त्या सगळ्यांना ओढत मधल्या रेघेपर्यंत यायचा. परभणी, नांदेड, खुद्द हैदराबाद, कुठे ढाल आणली नाही यांनी? ऑफिसातल्या कपाटात त्या ढाली चकचकीत ठेवल्या आहेत. भुजंगरावांचे गुडघे मात्र कपाटात ठेवण्यासारखे राहिले नाहीत.

आता आपल्याकडची एक रीत सांगतो. नवीन नाही, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गडी डोक्यावर आपटून निपचित पडला, की तोंडावर पाणी मारायचं आणि कानाशी "हुतूतू" म्हणायचं. उठला तर बरा आहे, पुढची चढाई त्याचीच. डॉक्टर नाही, हकीम नाही. भुजंगराव दरवेळी उठले. आपण त्याला ताकद म्हणालो.

राजूरच्या जत्रेतला सामना आठवतो? गणपतीच्या देवळाखालचं ते कडक मैदान. भुजंगराव पडले तो आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. कानाशी हुतूतू झालं, ते उठले, आणि वळून आपल्याच गड्यांवर चढाई करून गेले! लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, भुजंगने गंमत केली. मंडळी, ती गंमत नव्हती. आपली बाजू कोणती, हे त्या माणसाला कळत नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांना पुन्हा खेळवलं. पुढेही बरेच हंगाम खेळवलं.

आज ते माझ्याकडे बघताहेत, बघा. शाळेत एका फळीवर बसलो आम्ही. पण ते मला ओळखत नाहीत, समोरचा गडी जोखावा तसे जोखताहेत. घरी त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव सांगावं लागतं. आठवतं ते एवढंच. मी बोलतोय तसं नव्हे, कुणी चढाईच्या सुरात "हुतूतू" म्हटलं की उठायचं, दम धरायचा, पळत सुटायचं, आणि कुणाला तरी शिवल्याशिवाय मागे फिरायचं नाही. घरात त्यांची बायको, सगुणाबाई, धावत पुढे जाऊन उभी राहते. तिला शिवले की ते वळतात, उंबरा ओलांडतात आणि तेव्हा श्वास घेतात. मागच्या महिन्यात रस्त्यावर टवाळांनी हुतूतू केलं. पुढे उभं राहायला कुणी नव्हतं. भुजंगराव कुंडलिका नदीच्या पात्रापर्यंत गेले आणि तोंड मिटलेलं तसेच कोसळले. ओठ निळे पडल्ते.

काल सगुणाबाई माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, हार घाला, शाल द्या, बराबर हाय. पर त्येंला उठवू नका. उठतेत ते जल्दी, पर माघारी येत न्हाईत." मी म्हटलं, शेठजींना सांगतो. सांगितलं. शेठजी म्हणाले, "एक चढाईनं काय होतंय? लोक त्याच्यासाठीच आलेत." शेठजी, तुमचं त्यांच्यावर प्रेम आहे हे मी नाकारत नाही. पण मला राग आला आणि तो अजून आहे. म्हणून मी आज चारचौघांत विनंती करतो, तो कार्यक्रम रद्द...

कोण ते? मागे हुतूतू कोण ओरडलं? गप्प बसा! अरे, गप्प बसा म्हणतो ना!

उठले. बघा, उठले. अमीनसाहेब, धरू नका, धरलं तर जास्तच जोर करतात. चुन्याची रेघ ओलांडली त्यांनी. तिकडे कुणीच नाही, मंडळी, रिकामं मैदान आहे! सगुणाबाई पडद्यामागून पोचायच्या नाहीत. शेठजी, तुम्ही जवळ आहात. उतरा खाली. जल्दी करा, जोडे राहू द्या! त्यांच्या पुढे जा, उभे राहा, हात पुढे करा. आणखी पुढे.

शिवले.

वळले. सगुणाबाई, तुम्ही रेघेवरच थांबा. येताहेत. कुणी हसू नका, कुणी तो शब्द काढू नका. आले. ओलांडली रेघ. घेतला श्वास.

शेठजी, तुम्ही तिथेच का उभे आहात? हात खाली घ्या आता. शिवलेला गडी बाहेर बसतो, नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात.

माझं भाषण संपलं. अमीनसाहेब, परवानगी खेळाची होती, तो झाला. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. रागाच्या भरात वडीलधाऱ्यांना काही कमीजास्त बोललो असेन तर पदरात घ्या. शाल सगुणाबाईंच्या हातात द्या, त्या घरी गेल्यावर पांघरवतील त्यांना. आणि वाट करून द्या, दोघं निघालेत.

टाळ्या मात्र वाजवू नका. सामना अजून चालू आहे असं वाटून ते पुन्हा मैदानाकडे वळतील.