टाचेखालचा खडा

कुंदा : …तर हजेरी झाली की मी उभीच राहणार. बाई विचारतील, काय गं? म्हणणार, कालच्या रविवारच्या सिनेमात माझी फुई होती. बाबांची सख्खी बहीण.

फुई : नको सांगू.

कुंदा : का नको? तू सांगायचीस, तरुणपणी आपल्या नदीवर शूटिंग झालं, हिरोईनचे पाय माझे, आणि शेजारचे चुडामणकाका हसायचे. काल त्यांच्याच टीव्हीवर दिसले तुझे पाय. घोट्यावरचं गोंदणसुद्धा. झाले ना काका गप्प?

फुई : झाला. मंग काय इचारलं त्यानं? तानुअक्का, तुम्ही पहिले इतक्या अधू होत्या?

कुंदा : काकांचं सोड. पण त्या हिरोईनला स्वतःला लंगडता येत नव्हतं?

फुई : कुठलं! सकाळी डावा पाय लंगडा, दुपारी उजवा. बठ्ठं गाव हसे. मंग त्यांनी माले उभं केलं.

कुंदा : म्हणजे रडताना तोंड तिचं, पाय तुझे. आणि शेवटी बरी होऊन धावते, ते पाय?

फुई : ते तिचेच. ते तिले येत व्हतं.

कुंदा : पण फुई, तू अशी चालत नाहीस. काल तर पाय नुसता फरफटत होता. वयानं सुधारतो का पाय?

फुई : पाय कशाचा सुधरतो. तो डायरेक्टर म्हणे, बाई, तुझं तर दिसतच नही, आणखी ओढ. मी ओढलं. त्याले पुरेना. मंग चपलेत टाचेखाली खडा ठेवला.

कुंदा : आणि तू ठेवू दिलास?

फुई : अठरा वर्षांची व्हते. वाटलं, सिनेमात असंच करत असतील.

कुंदा : मग मी खड्याचंच सांगते वर्गात. सगळ्यांना कळू दे.

फुई : खडा टोचला तेवढंच माले ठावं व्हतं, पोरी. तो दिसतो कसा, ते काल पाहिलं.

कुंदा : तू तेव्हा सिनेमा पाहिलाच नव्हतास?

फुई : जायचं व्हतं. लगीन जमलेलं, म्हटलं दोघं मिळून जाऊ.

कुंदा : तुझं लग्न? बाबा तर म्हणतात, पायामुळे स्थळच आलं नाही.

फुई : तुझा बाप पाळण्यात व्हता. एरंडोलचा रुपचंद. बघायले आला तव्हा मी पाणी घेऊन चार पावलं चालले. एवढ्यानं काय अडतं, म्हणे तो. साखरपुडा झाला. मंग जळगावले सिनेमा लागला. तो आईले आन बहिणींले हौसेनं घेऊन गेला. होणारी सून दाखवतो म्हणून.

कुंदा : आणि?

फुई : आठ दिवसांत निरोप. पोरगी अधू शे, आम्हाले नको. माझे आबा म्हणे, ते तर तुम्ही पाहिलं व्हतं. ते म्हणे, पाहिलं ते येगळं व्हतं. चाळीस वर्षं माले उलगडलं नही, येगळं काय. काल उलगडलं.

कुंदा : फुई… मला चालून दाखव. नेहमीसारखं.

(फुई उठते. चुलीपासून दारापर्यंत जाते, परत येऊन बसते.)

कुंदा : एवढंच? हे तर सांगितल्याशिवाय कोणाला कळणारही नाही. मी जाते एरंडोलला. शाळा सुटल्यावर बस आहे. त्यांना सांगते, ती तुझी चाल नव्हती, करवून घेतली होती.

फुई : त्याचे नातू शाळेत जातात आता.

कुंदा : नातवांसमोर सांगते. मी घाबरत नाही.

फुई : ते माले ठावं शे. पण काल त्याच्या घरीबी टीव्ही लागला असेल. बरं झालं सुटलो, म्हणाला असेल.

कुंदा : म्हणू दे. खोटंच आहे ते.

फुई : खोटं शे, मालेबी माहीत शे. तरी काल टीव्हीवर तिले चालताना पाहिलं, आन माले वाटलं, बिचाऱ्यानं मोडलं ते बरंच केलं.