लई म्हणजे किती?

बसून घ्या मंडळी. मागं जागा हाय, बायकांना पुढं येऊ द्या. वडगावातनं, अनगोळातनं, कोण कोण उद्यमबागेतल्या कारखान्यातनं रजा टाकून आलायसा. मला बोला म्हणालात. तीस वर्षं मी लेथ मशीनवर काढली. त्या आवाजात कोण बोलतंय? मला भाषण येत न्हाय. आणि आज तर तोंड उघडवत पण न्हाय. पण पूनमची एक गोष्ट अशी हाय, जी माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक न्हाय. ती लपवून मी इथं मान खाली घालून बसलो तर मला रात्रीची झोप लागायची न्हाय. म्हणून उभा राहिलोय.

पूनम म्हणजे आपल्या रामाण्णांची धाकटी. तेवीस वर्षांची पोरगी. दिवसभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला, आणि कामावर जायच्या आधी रोज सकाळी आपल्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर बातमी लिहायची. ती, ही पुढं बसलेली दीपा, आणखी दोघं-तिघं. फोटो मोबाईलवर टाकायची, बातमी फळ्यावर. कुठल्या तळ्यात मुरूम ओतला, कुठली झाडं गेली, नव्या रस्त्याखाली नाल्याला किती बारकी पाईप घातली. जे कोण छापत न्हाय ते. वर मराठीत, खाली कानडीत. एकानं मला येऊन सुनावलं, "आप्पा, आपल्या फळ्यावर कानडी कशाला?" मी तिला विचारलं. ती म्हणाली, "शेजारच्या बसव्वांच्या घरात पण पाणी शिरलंय न्हवं? त्यांनी काय वाचायचं?" मी तेच त्या माणसाला जाऊन सांगितलं.

मी रिटायर माणूस, सकाळी वाचनालयात पेपर चाळत बसतो. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, "नाल्याला लई पाणी आलं. लई नुकसान झालं." मी चष्मा लावून वाचलं आणि म्हणालो, "लई म्हणजे किती गं?"

"लई म्हणजे लई, आप्पा!"

"कारखान्यात असं बोललीस तर फोरमन हाकलून देईल. मोजून लिही. मोजलेलं कोण नाकारत न्हाय."

आणि माझी स्टीलची टेप तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय होतं, आठवतंय का कोणाला? रामाण्णा अजून हातमागावर बसतात. मागाखाली खड्डा असतोय, त्यात पाय सोडून विणायचं. त्या खड्ड्यात तिनं टेप धरलती. "खड्ड्यात एक फूट चार इंच पाणी. बाबा आज विणायला बसले न्हाईत." एवढंच. गल्ली उभी राहून वाचत होती. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मीच लिहिल्यासारखा मिरवत होतो.

मग ती पोरं थांबतायत कुठं! आपल्या नाल्यावर धुणं धुवायच्या जुन्या दगडी पायऱ्या हायत. नऊ. त्या सगळ्यांवर तिनं लाल रंगानं नंबर घातले. पावसाळ्यात रोज सकाळी आधी फळ्यावर वाक्य लिहायची, आकड्याची जागा मोकळी सोडायची, नाल्यावर जाऊन पाणी कितव्या पायरीला लागलंय ते बघायची आणि येऊन आकडा भरायची. बघितल्याशिवाय आकडा न्हाय. ही शिस्त कोणाची? माझी.

सगळे आकडे वहीत उतरवून, पाईप मोठी घाला म्हणून सांगायला ती महापालिकेच्या ऑफिसात गेली. मी पण संगट गेलतो. साहेब चांगलं बोलले, चहा दिला. वही उघडली न्हाय. म्हणाले, "तुम्हाला कोणी मोजायला सांगितलं? आमचा माणूस येऊन मोजेल, तेच धरतात." तो माणूस आला न्हाय. परत गेलो, परत चहा. येताना बसस्टॉपवर पूनम मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही म्हणालता, मोजलेलं कोण नाकारत न्हाय."

मी म्हणालो, "अजून मोजू."

मंडळी, कारखान्यात केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतोय. मापापुढं तिथं मालकाचं पण चालत न्हाय. मला वाटलं, सगळं जग असंच चालतंय. माझं आयुष्य गेलं त्या मशीनपुढं, मला दुसरं काय ठाऊक असणार? पण ते मी त्या पोरीच्या डोक्यात का भरलं?

पूनम गेली त्याला आज पाचवा दिवस. त्या सकाळी पाऊस तुम्ही बघितलाय. मी घरात चहा घेत होतो. तिचा फोन आला. "आप्पा, नाल्याच्या पुलावर उभी हाय. लई पाणी आलंय."

मी काय म्हणायचं होतं? घरला ये म्हणायचं होतं. पुलावरनं मागं सर म्हणायचं होतं. रामाण्णा, आक्का, तुम्हा आईबापासमोर सांगतो. मी हसलो. हसून म्हणालो, "लई म्हणजे किती?"

ती पण हसली. "नंबर दिसंना झालाय आप्पा, कचरा अडकलाय. थांबा, खाली उतरून बघून सांगते."

फोन बंद झाला. मी चहा संपवला. बिस्कीट खाल्लं. वाट बघत बसलो, आता आकडा येईल म्हणून.

ही गोष्ट मला सांगायची होती. लोक म्हणतायत, पोरीनं तिथं उतरायचं कशाला? आता कळलं कशाला. माझी समजूत घालायला कोण येऊ नका. "आप्पा, तुमची काय चूक?" असं म्हणू नका. माझ्यानं ऐकवत न्हाय.

नंतर सगळे आले. पुलाला दोरी बांधली, फोटो काढले, पाहणी झाली. पाईप तीच हाय. आज परत आभाळ भरून आलंय. काल दीपा मला विचारत होती, "आप्पा, फळ्यावर काय लिहू?" फळ्यावर पूनमचं अक्षर तसंच हाय. "आज सकाळी नाल्याचं पाणी", मग मोकळी जागा, मग "पायरीपर्यंत". ते पुसायला कोणाचा हात होत न्हाय. भरायला तर न्हायच न्हाय.

सकाळी आक्का माझ्या दारात आल्या. पदराखालनं टेप काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आप्पा, तुमची वस्तू. लई जपायची हो ती."

आणि मंडळी, त्या आईसमोर उभा असताना सुद्धा माझ्या जिभेवर ते शब्द आले. सवय, दुसरं काय! दात आवळून धरले मी. टेप घेतली आणि दार लावलं.

आता आपण उभं राहूया. किती मिनिटं, ते मी सांगणार न्हाय. कोण घड्याळ बघू नका. आक्का खाली बसल्या की मग आपण बसू.

पूनम, बाळा, मला आकडा नको गं.